ठिपके, चौकोन आणि नक्षी

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभानिमित्त ग्रामस्थांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज पहाटेपासून मंदिरापुढील अंगणात गावातील लेकी-सुनांनी रांगोळ्या घातल्या आहेत. आत येताना प्रत्येकाने त्यांना वळसा घालूनच पाऊल टाकले असेल. पुष्कळांनी क्षणभर थांबून पाहिले असेल, 'झकास आहे' असे म्हटले असेल आणि पुढे येऊन जागा धरली असेल. परंतु ती झकास का वाटते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तिच्यात ना देवाचे चित्र, ना माणसाचे. नुसते ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. तरीही नजर तेथे ठरते. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

प्रथम ठिपक्यांचेच पाहू. ठिपके मांडण्याच्या मुख्य रीती दोन. एक सरळ ठिपक्यांची. हिच्यात वरच्या ठिपक्याच्या बरोबर खाली दुसरा ठिपका येतो. दुसरी मधल्या ठिपक्यांची. हिच्यात वरच्या दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेखाली तिसरा ठिपका पडतो. पहिल्या रीतीत प्रत्येक ठिपक्याला जवळचे शेजारी चार असतात, म्हणून तिच्यातून चौकोन निघतात. दुसऱ्या रीतीत शेजारी सहा असतात, म्हणून तिच्यातून त्रिकोण, षट्कोन आणि सहा पाकळ्यांची फुले निघतात. रांगोळीचे रूप रेषा ओढण्याच्या आधीच, ठिपके पडतात तेव्हा अर्धेअधिक ठरून गेलेले असते.

एखादी आजी नातीला सांगते, 'नऊ ते पाच, मधले ठिपके.' एवढ्या पाच शब्दांत सगळा आराखडा आला. मधली ओळ नऊ ठिपक्यांची, तिच्या वर आणि खाली आठ, सात, सहा, पाच अशा उतरत्या ओळी. सगळे ठिपके मोजले तर ६१ भरतात, आणि कडेच्या सहाही बाजूंवर पाच-पाच ठिपके येतात. दुसरी रांगोळी सरळ ठिपक्यांची, 'एक ते सात, परत एक.' ओळी अशा पडतात: १, ३, ५, ७, ५, ३, १. बेरीज २५. यांतल्या पहिल्या चार ओळींची बेरीज १६, म्हणजे चार चोक सोळा, आणि उरलेल्या तीन ओळींची ९, म्हणजे तीन त्रिक नऊ. शाळेत गुरुजी हे विषम संख्यांची बेरीज म्हणून फळ्यावर शिकवितात. अंगणात तेच गणित पाटी-पेन्सिलीवाचून, चिमटीतल्या पांढऱ्या भुकटीने होत आले आहे. ज्या बायाबापड्यांना सहीच्या जागी अंगठा उठवावा लागला, त्यांच्या बोटांत हे गणित पक्के होते.

आता प्रश्न असा, की जमीन, भिंत किंवा कापड भरताना चौकोन, त्रिकोण आणि षट्कोन हेच आकार पुन्हा पुन्हा का येतात? याला कारण आहे. सर्व बाजू व सर्व कोन सारखे असलेला एकच आकार घेऊन मध्ये फट न ठेवता जमीन भरावयाची असेल, तर हे तीनच आकार चालतात. एका बिंदूभोवती ३६० अंश असतात. तेथे ६० अंशांचे सहा त्रिकोण बसतात, ९० अंशांचे चार चौकोन बसतात, १२० अंशांचे तीन षट्कोन बसतात. पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा. तीन पंचकोन ठेवले तर ३२४ अंश होतात, ३६ अंशांची फट उरते, आणि चौथा पंचकोन तिच्यात मावत नाही. फरशी बसविणाऱ्या गवंड्याला अंश माहीत नसतील, पण पंचकोनी फरशी कोणी आणून दिली तर तो हात जोडून परत करील.

मधमाशीनेही यांतला षट्कोनच निवडला आहे. सारख्या मापाची घरे करावयाची आणि भिंतीला मेण कमीत कमी लागावे, तर षट्कोनासारखा दुसरा आकार नाही, हे माणसाला फार पूर्वीपासून वाटत होते. त्याची गणिती सिद्धता टॉमस हेल्स या अमेरिकन गणितज्ञाने १९९९ साली दिली.

शेतकऱ्यालाही चौकोनाची ओळख वेगळी करून द्यावयास नको. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा चौकोन, म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. कपाशी चौफुलीवर लावली की कोळपे उभेही चालते आणि आडवेही चालते, निंदणीची मजुरी वाचते. बांधावर उभे राहून पाहिले तर ओळी सरळ दिसतात, तिरप्या नजरेनेही सरळच दिसतात, आणि मन प्रसन्न होते. तो आनंद आणि रांगोळी पाहण्याचा आनंद हे सख्खे भाऊ आहेत. एकात सोय आधी आली, दुसऱ्यात शोभा आधी आली, एवढाच फरक.

कारागिराच्या बाबतीत तर पुष्कळदा सोय आणि शोभा वेगळ्या काढताच येत नाहीत. बुरूड सूप विणतो तेव्हा बांबूच्या पट्ट्या दोन वर, दोन खाली अशा घालतो आणि प्रत्येक ओळीला एक घर पुढे सरकतो. त्यामुळे वीण घट्ट होते, दाणा सांडत नाही, आणि अंगावर तिरप्या रेषांची नक्षी आपोआप उमटते. जेथे वारा खेळावयास हवा तेथे तो विरळ वीण घेतो. पट्ट्या तीन दिशांनी एकमेकींत अडकवतो, आणि सहा बाजूंचे डोळे पडतात. तीन दिशांच्या पट्ट्या एकमेकींना धरून ठेवतात, म्हणून कामटी थोडी लागूनही टोपली डगमगत नाही. नक्षी वरून चिकटविलेली नाही, ती विणीतून आली आहे.

कापडाचेही तसेच. माग म्हणजे उभा ताणा आणि आडवा बाणा, अर्थात धाग्यांची चौकटच. त्या चौकटीत गोल वळण काढावयाचे तर ते पायऱ्या-पायऱ्यांनीच काढावे लागते. देवीची ओटी ज्या खणाने भरतात, तो खण मुख्यतः कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड येथे विणला जातो. त्यावरची बारीक नक्षी ताण्याच्या जादा धाग्यांनी उठविलेली असते, आणि एकच लहानसा आकार ओळीने येत राहून सगळे कापड भरून जाते. विदर्भातील करवतकाठी टसर साडीचे काठ करवतीच्या दात्यांसारखे असतात. साडीच्या अंगाला एक आणि दोन काठांना दोन असे तीन धोटे चालवून, काठाचा रंग आणि अंगाचा रंग जेथे भेटतात तेथे धागे एकमेकांत अडकवून ते दाते काढतात. तेथेही शोभा जोडातूनच निघाली.

यावर कोणी म्हणेल, 'हे सगळे मोजून-मापून केलेले काम. यात कला कसली? एकाने केले तेच दुसऱ्याने करावयाचे.' हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु तेच ६१ ठिपके पाच जणींना द्यावेत. एक कमळ काढील, दुसरी समया काढील, तिसरी सहा कासवे काढील, चौथी नुसत्या तारका काढील, आणि पाचवी असे काही काढील की बाकीच्या चौघी आपले काम टाकून पाहावयास येतील. पेटीच्या पट्ट्या सर्वांना सारख्याच असतात, गाणे ज्याचे त्याचे निघते. ठाणे-पालघर भागातील वारली समाजात लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहितात. चौकाची चौकट ठरलेली, आत पालघट देवीही ठरलेली. पण त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोन एवढ्याच आकारांतून माणसे, झाडे, तारपा आणि नाच उभे राहतात. हीच चित्रकला जगापुढे नेणारे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. साध्या आकारांनी त्यांचे हात बांधले गेले नाहीत.

दक्षिणेत तमिळ भगिनी दाराशी कोलम काढतात. त्यांच्या एका प्रकारात रेषा ठिपक्यांना जोडीत नाही, ती ठिपक्यांभोवती वळसे घेत फिरते आणि जेथून निघाली तेथेच येऊन मिळते. गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन या अभ्यासकांनी १९७४ साली या कोलमचे नियम गणिताच्या भाषेत मांडून दाखविले. कॉम्प्युटरला चित्र कसे शिकवावे, या शास्त्रात त्या कामाचा उपयोग झाला. दारापुढे रोज काढावयाच्या आणि रोज पुसून जाणाऱ्या रेषांत एवढे शास्त्र भरलेले होते. काढणाऱ्या बायकांची नावे मात्र कोठेही लिहिलेली नाहीत.

आता देवळाकडे वळू. देऊळ बांधण्याची सुरुवातच चौकोनापासून होते. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत वास्तूच्या आराखड्याचे दोन प्रकार दिले आहेत, एक ८१ घरांचा आणि एक ६४ घरांचा. देवळासाठी त्याने ६४ घरांचा सांगितला आहे. आठ उभ्या व आठ आडव्या घरांत ४५ देवतांना आपापली जागा नेमून दिलेली असते आणि मधली चार घरे ब्रह्मदेवाची. श्रद्धेचा भाग ज्याच्या त्याच्यापाशी. पण गवंड्याच्या दृष्टीने पाहिले तर या घरांचा उपयोग उघड आहे. गाभारा किती, भिंत किती जाड, दार कोठे, हे सगळे एकाच मापाच्या पटीत सांगता येते. मूळ सूत्रधार आजारी पडला तरी दुसऱ्याला काम पुढे नेता येते.

अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. असल्या जुन्या दगडी देवळांना सरसकट हेमाडपंती म्हणण्याची रीत पडली आहे, पण यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला, म्हणजे अंबरनाथचे देऊळ त्याच्या दोनशे वर्षे आधीचे. ते भूमिज पद्धतीचे आहे. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिरही त्याच पद्धतीचे. नाशिकला जाणाऱ्यांनी वाट वाकडी करून ते अवश्य पाहावे. शिखराच्या चारी अंगांनी वरपासून खालपर्यंत एकेक उभा पट्टा उतरतो, आणि दोन पट्ट्यांमधल्या जागेत चिमुकल्या शिखरांच्या उभ्या-आडव्या ओळी लागलेल्या दिसतात. वर जाताना त्या लहान लहान होत जातात. मोठे शिखर लहान शिखरांनी भरलेले! चौथऱ्यावर मध्ये महादेवाचे मोठे देऊळ आणि चार कोपऱ्यांवर चार लहान देवळे. चौकात चारी कोपऱ्यांना चार पणत्या आणि मध्ये समई मांडावी, तशी ती मांडणी आहे.

आणि आता आपल्या मंदिराच्या सभामंडपाचे छत. काम सुरू झाले तेव्हा चुन्याचे आणि ऑइलपेंटचे थर खरवडून काढावे लागले. त्याखाली चौकोनात तिरपा चौकोन, त्यात पुन्हा सरळ चौकोन आणि मध्ये कमळ, असे दगडी छत निघाले. गावातील साठी उलटलेल्या माणसांनीही ते पूर्वी पाहिलेले नव्हते. तेव्हा दोन मते पडली, हे सर्वांना ठाऊकच आहे. एक मत असे की छत गळते, दगडांवर डाग आहेत, खालून पी.ओ.पी.चे सपाट छत करून दिवे बसवावेत, म्हणजे देणगीदारांनाही नवे काम दिसेल. हे मत मांडणारांचा हेतू चांगलाच होता. गळते छत कोणाला हवे आहे? दुसरे मत असे की छत आहे तसे ठेवावे. बैठका लांबल्या, आवाजही चढले.

त्या वेळी निर्णय झाला तो छताचे काम समजून घेतल्यावर झाला. दगड दाबाला बळकट असतो, पण लांब पसरला की मधोमध तडकतो. समजा, चार तुळयांमधली मोकळी जागा आठ हात लांब व आठ हात रुंद आहे. एवढी लांब शिळा आणावयाची कोठून, आणि चढवावयाची कशी? म्हणून जुन्या कारागिरांनी चारी कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकल्या. चौकोन फिरला आणि मोकळी जागा साडेपाच हातांच्या थोडी वर उरली. त्यावर पुन्हा कोपऱ्यांना शिळा टाकल्या, जागा चार हातांवर आली. चौसष्ट चौरस हातांचे बत्तीस झाले आणि बत्तिसाचे सोळा. मग वर कमळाची एक शिळा झाकणासारखी बसली. खालून पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. वास्तविक छत पडू नये म्हणून केलेली ती युक्ती आहे, आणि ती युक्ती झाकून न ठेवता कारागिराने मोकळी दाखविली, म्हणून ती सुंदर झाली. हे उमगल्यावर वरच्या बाजूने सांधे भरून गळती थांबवावी आणि खालचे दगड उघडे ठेवावेत, असे ठरले. ज्यांचे मत वेगळे होते त्यांनीही पुढे पैशाने व अंगमेहनतीने मदत केली. गावाच्या दृष्टीने ही गोष्ट छताइतकीच महत्त्वाची मानावी लागेल.

मात्र एक गोष्ट हातची गेली. सभामंडपाच्या जुन्या फरशीवर नवकंकरीचा पट कोरलेला होता, असे वडीलधारी मंडळी सांगतात. एकात एक तीन चौकोन, बाजूंच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषा, एकूण २४ जागा आणि दोघांकडे नऊ-नऊ खडे. महाराष्ट्रात जुन्या देवळांच्या व लेण्यांच्या दगडांवर असे पट ठिकठिकाणी सापडतात. पूर्वीच्या एका दुरुस्तीत आपल्या पटावर चकचकीत फरश्या बसल्या. वर छताला चौकोनात चौकोन आणि खाली जमिनीला चौकोनात चौकोन, अशी जोडी होती. तिच्यातली एक आता म्हाताऱ्यांच्या आठवणीत तेवढी उरली आहे. त्याचे कोणी चित्र काढून ठेवले नव्हते, मापही घेतले नव्हते.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. ठिपक्यांची व चौकोनांची नक्षी सर्वांना आवडते याचे मोठे कारण असे, की तिचा नियम उघडा असतो. लहान मुलालाही तो पाहून कळतो. कोठे चुकले तर लगेच दिसते आणि तेवढेच पुसून नीट करता येते. एकीने अर्धी टाकलेली रांगोळी दुसरी पुरी करू शकते. सात बायका सात बाजूंनी बसून एकच मोठी रांगोळी घालू शकतात, आणि मध्यावर रेषा बरोबर जुळतात. त्यासाठी अंगी जन्मजात देणगी असावी लागत नाही, नियम पाळावा लागतो. गरिबाच्या दारातही ती तितकीच सरळ येते. मोठ्या घराण्याचा वा मोठ्या नावाचा तेथे काही संबंध नाही.

परंतु नियम हातात असेल तोवरच हे चालते. अलीकडे उंबरठ्यावर चिकटवावयाची छापील रांगोळी बाजारात स्वस्तात मिळते. कामाच्या धबडग्यात कोणी ती चिकटविली तर त्या भगिनीला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र एवढे जाणून असावे, की छापील कागदात चित्र येते, नियम येत नाही. कागद फाटला की दुसरा विकत आणावा लागतो. ज्या मुलीला 'नऊ ते पाच, मधले ठिपके' कळते, तिच्यापाशी अशी शंभर चित्रे असतात.

म्हणून समारंभाच्या या दिवशी गावाने तीन कामे अंगावर घ्यावीत, अशी विनंती आहे. पहिले, सभामंडपाच्या छताचे मापासह चित्र शाळेतील मुलांकडून गणिताच्या चौकोनी वहीत काढून घ्यावे आणि त्याची एक प्रत समितीच्या दप्तरी ठेवावी. पुढे कधी दुरुस्ती निघाली तर काय होते ते पुढच्यांना कळेल. दुसरे, घरोघरच्या आज्यांना ठाऊक असलेल्या रांगोळ्या, ठिपक्यांच्या संख्येसह, एका वहीत उतरवून घ्याव्यात आणि प्रत्येक रांगोळीखाली सांगणारीचे नाव लिहावे. देणगीदारांची नावे संगमरवरावर लागली आहेत आणि ती लागावयासच हवीत. या वहीतली नावेही गावाच्या देणगीदारांचीच असतील. तिसरे, नवकंकरीचा पट ज्यांना आठवतो त्यांनी तो पारावरच्या एखाद्या सपाट दगडावर पुन्हा आखून द्यावा, आणि पोरांना खेळ शिकवावा.

या तिन्ही कामांना पैसा फारसा लागणार नाही. एक वही, एक मोजपट्टी, थोडी रांगोळी आणि म्हाताऱ्या माणसांजवळ बसण्याची सवड एवढ्यावर ती होतील. सवड मात्र लवकर काढावी लागेल, कारण ज्यांना विचारावयाचे त्यांची वये झाली आहेत.

समितीने, देणगीदारांनी, गवंडी व पाथरवट मंडळींनी आणि उन्हातान्हात राबलेल्या सर्व ग्रामस्थांनी हे काम तडीस नेले, त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन. आज प्रसाद घेऊन घरी जाताना प्रत्येकाने सभामंडपात उभे राहून एकदा मान वर करून पाहावे, आणि बरोबर लहान मूल असेल तर त्याला चौकोन मोजावयास सांगावे.